उंबरा चार बोटं वर

१२ मे

वहिनी यांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे, चुकून राहिला असा गैरसमज नको.

घराच्या मधे भिंत आल्यापासून आपण एकमेकांशी बोलत नाही. ही व्यवस्था मला मान्य आहे आणि ती मोडायची माझी इच्छाही नाही, म्हणून हे पत्र तुमच्या शटरखालून सरकवतो आहे. विषय पाण्याचा आहे.

रस्ता वर आणि घर खाली. रस्त्यावरून उतरणारा उतार आपल्या सामाईक अंगणात येतो आणि तिथे डावीकडे तुमचं शटर, उजवीकडे माझं. दादा होता तेव्हा अंगणात माती होती, आलेलं पाणी ती पिऊन टाकायची. पुढे मी माझ्या अर्ध्या भागात गाडीसाठी सिमेंट घातलं आणि तुम्ही तुमच्या अर्ध्यात गिऱ्हाइकांच्या चपला चिखलात जाऊ नयेत म्हणून फरशी. आता पाण्याला मुरायला जागाच नाही. त्यात गेल्या वर्षी तुम्ही गॅरेजचा उंबरा चार बोटं उचललात. तुमच्या शिलाईच्या दुकानात थेंब गेला नाही, आणि सगळा लोंढा माझ्याकडे आला. मी तेव्हा गप्प बसलो, कारण गाडीला पोहता येत नसलं तरी भिजता येतं.

यंदा गप्प बसता येणार नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलंय हे तुम्हाला कळलं असेलच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता जिना कधीच नाही. म्हणून मी गॅरेजची खोली करतो आहे. पलंग, खिडकी, लागून न्हाणीघर. जूनच्या मध्यावर तिला घरी आणायचंय आणि तोवर ती जमीन कोरडी राहील याची मला खात्री हवी आहे.

उपाय सोपा आहे. उताराच्या पायथ्याशी आडवी नाली काढायची, वर लोखंडी जाळी टाकायची आणि जमिनीखालून नळ टाकून पाणी मागच्या नाल्यात सोडायचं. नकाशा सोबत जोडला आहे. नळ तुमच्या भिंतीच्या कडेने न्यावा लागेल. वाटेत लिंबाचं झाड येतं, ते काढावं.

आठवड्यात उत्तर यावं.

तुमचा दीर


१५ मे

शेजारी यांस,

नकाशा मिळाला. फार सुरेख आहे. सगळ्या रेघा सरळ आहेत आणि सगळ्या माझ्याच बाजूला आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढून तुमचा हात चांगलाच तयार झालाय.

नळ तुमच्या भिंतीच्या कडेने का जात नाही, ते कुठे लिहिलेलं दिसलं नाही. मीच लिहिते. तिकडे तुम्ही गेल्या हिवाळ्यात निळ्या फरशा बसवल्यात, स्वतःच्या हाताने, रोज गुडघ्यावर बसून. त्या उखडायला तुमचा जीव होत नाही. आणि लिंबाचं झाड ह्यांनी लावलेलं आहे, ते उपटायला मात्र तुम्हाला एक वाक्य पुरलं.

आणि आई! पुन्हा आईच! भाऊजी, तुमचं हे आता पाठ झालंय मला. घराच्या मधे भिंत घालायची होती तेव्हा म्हणालात, आईला माझ्या मशीनच्या खडखडाटाने झोप लागत नाही. गच्ची हवी होती तेव्हा म्हणालात, आईला ऊन हवं. त्या उन्हात आज तुमची निवडुंगाची कुंडी अन् कुंडी शेकत बसलीय, आईंना तिथे मी कधी पाहिलं नाही. आता गाडी कोरडी ठेवायची आहे, तर आईंचा खुबा.

मी सोमवारी हॉस्पिटलात जाऊन आले. तुम्ही ऑफिसात होतात म्हणूनच गेले. आई छान बोलल्या. म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, महिनाभरात जिना चढशील. मी माझ्या वरच्या खोलीतच जाणार, खिडकीशी.” हे त्यांच्या तोंडचे शब्द. आता कुणाचं खरं मानू? हाड ज्यांचं मोडलंय त्यांचं, की तुमचं?

झाडाला हात लावायचा नाही.

शेजारीण


१७ मे

वहिनी यांस,

तुम्ही हॉस्पिटलात गेलात हे मला कळलं. आईने चार वेळा सांगितलं. तुम्ही नेलेली मोसंबी तिने उशाशी ठेवली आहेत, खात नाही, नुसती बघते.

आईला कुणी काय सांगितलंय आणि का सांगितलंय, ते तुम्ही मला विचारायचं कारण नाही. पुन्हा तिकडे जाऊन जिन्याविषयी एक अक्षर जरी काढलंत, तर माझ्याशी गाठ आहे. त्या बाईला रोज सकाळी व्यायाम करायला उठावंसं वाटलं पाहिजे. यापलीकडे मी लिहिणार नाही, समजायचं तर समजा.

नालीला तुमचा नकार आहे असं मी धरतो. गवंड्याला बोलावून माझा उंबरा आजच सहा बोटं उचलून घेतला. तो म्हणाला, “साहेब, आता समुद्र आला तरी आत येणार नाही.” समुद्र कुठे जाईल ते तुम्ही बघा.

तुमचा दीर


२ जून

शेजारी यांस,

गाठ आहे म्हणे. धमक्या द्यायला तुम्हाला आजारी आईची चादर पांघरावी लागते, यातच सगळं आलं. खोटं पकडलं गेलं की माणूस असाच फणा काढतो.

तोच गवंडी परवा माझ्याकडेही आला होता. त्याच टोपीत, तीच थापी घेऊन. माझा उंबरा आठ बोटं करून गेला आणि जाताना म्हणाला, “ताई, आता समुद्र आला तरी आत येणार नाही.” या माणसाचं बरं चाललंय. पावसाळाभर तो आपल्या दोघांमधे नुसता फेऱ्या मारणार, आणि दर फेरीला चहा पिणार.

मला हे करावंच लागलं. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. गॅरेजभर कापडाचे गठ्ठे आहेत, कापायचा फळा तेवढा रिकामा. एक गठ्ठा भिजला तरी पोरांना शाळेच्या पहिल्या दिवशी घालायला कपडे नाहीत, आणि मला पुढच्या वर्षी काम नाही. ह्यांच्यामागे मी उभी आहे ती या मशीनवर. तुमच्यासारखा खुर्चीत बसून महिन्याच्या महिन्याला पगार मिळत नाही मला.

आणि एक विचारायचं होतं. तुमची गाडी आठ दिवस रस्त्यावर उभी आहे. झाडाखाली, पक्ष्यांनी पांढरी केलेली. गॅरेज रिकामं ठेवून कुणाला दाखवताय? येणाऱ्या जाणाऱ्याने हळहळावं, की बघा, बिचाऱ्याला वहिनीमुळे गाडी रस्त्यावर लावावी लागते? शटरमागे दिवसभर ठोकाठोकी चालू असते ती कसली? नाटकाचा पडदा उभारताय काय?

शेजारीण


१९ जून

वहिनी,

आईला आत्ताच्या आत्ता परत पाठवा.

मी ऑफिसातून आलो तर शटर अर्धं उघडं, खोलीत घोट्याइतकं पाणी आणि पलंग रिकामा. एखाद्याचं काळीज बंद पडलं असतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, म्हणून कळलं ती कुठे आहे. मी तुमचं दार वाजवलं, तुम्ही उघडलं नाही. आत मशीन चालू होतं, मला ऐकू येत होतं. आईचा आवाजही ऐकू येत होता. ती हसत होती.

तिची औषधं माझ्याकडे आहेत. ती अशी दुसऱ्याच्या घरात राहू शकत नाही.

दीर


२० जून

भाऊजी,

औषधं तुम्ही आईंसाठी ठेवलेल्या बाईने आणून दिली आहेत. दार मुद्दामच उघडलं नाही. उघडलं असतं तर आईंसमोर तुम्हाला नको ते बोलले असते, आणि ते त्यांच्या तब्येतीला सोसलं नसतं.

काय झालं ते ऐका. काल दुपारी पाऊस कोसळायला लागला. मी आतून बघत होते. पाणी उतारावरून आलं, अंगणात फिरलं, माझ्या उंबऱ्याला टेकलं आणि तुमच्याकडे वळलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, भिजू दे त्यांची गाडी. मग एकदम आठवलं, की गाडी रस्त्यावर आहे. आणि तेवढ्यात तुमच्या शटरमागून हाक आली, आईंची. त्यांना घरी आणलंय हे मला ठाऊकच नव्हतं. “अगं, कुणी आहे का गं?”

बाई कोपऱ्यावर औषध आणायला गेलेली. मी शटर उचललं. आई पलंगावर बसल्या होत्या, दोन्ही पाय वर घेऊन, जसे डॉक्टरांनी अजिबात घ्यायचे नाहीत म्हणून सांगितलेत तसे. चपला खोलीभर तरंगत होत्या. भिंतीवर तुम्ही धरायला लावलेले दांडे, तो बुटका संडास, खिडकीला उशीपासून रस्ता दिसेल अशी उंची. मी सगळं एका नजरेत बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि त्याहून जास्त तुमचा राग आला. एवढं सगळं होतं तर सरळ का नाही लिहिलंत? ‘आईला मी जिन्याचं खोटं सांगितलंय, तेवढं सांभाळून घ्या’, एवढं एक वाक्य! कुत्सित बोलायला पानंच्या पानं आहेत तुमच्याकडे, आणि खरं सांगायला शाई संपते. ‘समजायचं तर समजा’ म्हणे. मी शिवणकाम करते, भविष्य बघत नाही.

शिवणयंत्रापुढच्या माझ्या चाकांच्या खुर्चीवर बसवून आणलं त्यांना. कापायचा फळा भिंतीला टेकवला आणि त्या जागी खाट टाकली. गणवेश आता मी जमिनीवर कापते.

जिन्याचं त्यांना कळलंय. मी सांगितलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या त्याच म्हणाल्या, “खाली एवढं न्हाणीघर बांधलंय, म्हणजे मी आता वर जायची नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “धाकट्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. त्याला वाईट वाटेल.” तर मी सांगतेय. तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच सांगतेय.

आणखी एक. त्यांना झोप लागेना, म्हणून मी मशीन बंद केलं. तर म्हणाल्या, “बंद का केलंस? चालू दे की. भिंत झाल्यापासून हा आवाजच नाही, झोप म्हणून धड नाही.” आता बोला.

वहिनी


२२ जून

वहिनी,

आई काय म्हणते आणि तुम्ही त्यात किती मीठमसाला घालता, हे मला कळत नाही असं समजू नका. मशीनविषयी तेव्हा मला जे वाटलं ते मी बोललो. त्याची चर्चा मला करायची नाही.

मुद्द्याचं बोलतो. खोली उपसून कोरडी केली आहे. भिंतीचा गिलावा फुगलाय तो गवंडी करून देतो म्हणाला. उंबरा या खेपेला मी चांगला वीतभर उचलून घेतला, तुमच्यापेक्षा वर. यापुढे जे काही पाणी उतारावरून येईल ते तुमच्याकडेच जाईल. म्हणजे कोरडी जागा आता माझी आहे आणि ओली तुमची. तेव्हा तुमच्याच न्यायाने आईने इकडे यायला हवं. रविवारी मी खुर्ची घेऊन येतो.

बाकी, काल तुमच्या शटरखालून ती मला दिसली. म्हणजे तिचे पाय दिसले. तुमच्या चपला घातल्या होत्या तिने.

दीर


२३ जून

भाऊजी,

वाहवा. आई माझ्याकडे आहेत हे माहीत असून तुम्ही पाणी माझ्याकडे वळवलंत! याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही, आणि मला सहसा सुचतं. गवंड्यालाही सुचलं नाही. माझ्याकडे येऊन म्हणाला, “ताई, साहेब फार रागात होते, मी काय बोलणार?” माझा उंबरा आणखी उचलून दे म्हटलं तर म्हणे आता हवा ओली आहे, माल धरणार नाही. तुमचा बरा धरला.

रविवारी येऊ नका. आई यायच्या नाहीत. मी अडवलेलं नाही, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “जिथे पाणी आलं तिथे मला पुन्हा झोपायचं नाही. मला रात्रभर पायाखाली ओलं लागतं.” फुगलेल्या गिलाव्याच्या, वासाच्या खोलीत म्हातारं माणूस ठेवायला तुमचं मन होतं तरी कसं?

उंबरे कितीही वाढवा, पाणी काही नाहीसं होत नाही. ते नुसतं आपल्या दोघांमधे उभं राहतं. नाली काढल्याशिवाय आईंना घर नाही, ना तुमच्याकडे ना माझ्याकडे. तुमचा नकाशा बरोबर आहे, फक्त आरशात बघून काढलाय. नळ तुमच्या बाजूने न्या. निळ्या फरशा काढा. सगळ्या नाही, भिंतीलगतची एक ओळ. मग मी माझा उंबरा फोडते, तुम्ही तुमचा फोडा.

वहिनी


२५ जून

वहिनी,

फरशा निघणार नाहीत. त्याखाली माझ्या टाकीचा नळ आहे, फरशीला घण लागला की तोही जातो. झाड काढा.

पाऊस परवापासून जोरात येणार आहे असं ऐकतो. तुमच्या हट्टापायी आईला काही झालं तर मी तुमचं पुन्हा तोंड पाहणार नाही.

दीर


२८ जून

भाऊजी,

हे पत्र शटरखालून सरकवता आलं नाही, कारण तुमच्या शटरखाली पाणी आहे. म्हणून खिडकीच्या गजात अडकवतेय. ओलं झालं तर अक्षर लावून वाचा.

आज दुपारी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. मी बघितलं हे तुम्हाला माहीत नाही.

पाणी उतारावरून आलं तेव्हा मी आईंना जेवायला वाढत होते. या खेपेला ते तुमच्या उंबऱ्याला लागून वळलं आणि माझ्याकडे आलं. तुमचं काम चोख असतं, मानलं. बघता बघता माझी आठ बोटं बुडायला आली. शटरच्या फटीत मी गणवेशांचे तुकडे कोंबले, मग उरलेलं कापड कोंबलं, मग चांगलं कापडही कोंबलं. पहिलं पाणी आत आलं ते मशीनच्या पायाशी. दुसरं खाटेखाली. आईंना एकटीने वर नेणं माझ्याच्याने होणार नव्हतं. त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या, मागल्यासारख्याच. तुम्हाला मी त्या वेळी काय काय म्हटलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही.

मग बाहेर ठोकण्याचा आवाज यायला लागला.

मी वाकून फटीतून बघितलं. तुम्ही ऑफिसच्या कपड्यांत, चष्मा कपाळावर चढवलेला, घोट्याच्या वर चढलेल्या पाण्यात उभे, हातात पहार. स्वतःचा उंबरा फोडत होतात. नवाकोरा, वीतभर उचललेला. गवंडी मेला घट्टच बांधतो, निघता निघत नव्हता. तुम्ही एकदा घसरून पडलात, उठलात, पुन्हा ठोकायला लागलात. मग मधला एक तुकडा सुटला आणि सगळं पाणी एकदम तुमच्याकडे फिरलं. अंगणातलं पाणी उतरलं तेव्हा माझ्या उंबऱ्याची ओली कड मला दिसली. तुमच्या शटरमागे काहीतरी आपटून पडल्याचं ऐकू आलं. पलंग असेल.

तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. माझं दारही वाजवलं नाहीत. तिथेच फुटक्या सिमेंटवर बसून राहिलात, पावसात.

आभार मानणार नाही. उंबरा तुम्हीच चढवला होता, तुम्हीच फोडलात, त्यात मी काय पंचारती ओवाळायची? भिंतीचं मी विसरलेले नाही, गच्चीचंही नाही. ‘तोंड पाहणार नाही’ म्हणालात तेही लक्षात आहे.

पण नळ माझ्या बाजूने न्या. लिंबाचं झाड काढायला लावा. मी मघाशी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले होते थोडा वेळ. यंदा लिंबंही फारशी धरली नाहीत. ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनीच आधी कुऱ्हाड काढली असती, आईचं म्हटल्यावर. पाऊस उघडला की त्या गवंड्याला बोलवा, पण चहा तुम्ही पाजा. आणि नाली झाल्यावर माझा उंबरा मी माझ्या हाताने फोडणार, तुमची पहार मला द्या.

आणखी एक राहिलं. तुम्ही ठोकत होतात तेव्हा आईंनी मला विचारलं, “बाहेर कोण गं एवढं ठोकतंय?”

भिंत झाल्यापासून मी तुम्हाला त्यांच्यासमोर कधी ‘शेजारी’ म्हटलं, कधी काहीच म्हटलं नाही. आज तोंडातून निघून गेलं, “आपले धाकटे.”

त्या म्हणाल्या, “मग त्याला आत घे की. भिजतोय.”

तेव्हापासून शटर हातभर उघडं ठेवलंय. ताट वाढून झाकून ठेवलंय, ते गार व्हायच्या आत या. उंबरा अजून उंच आहे, पाय जपून टाका.

वहिनी